मोजणीचे फोटो

एंगलबेर्ट प्रांटलने उभ्या आयुष्यात काटरीन तळ्याचा एकही फोटो काढला नाही. ओबरकारच्या खोऱ्यात राहून, गळ्यात कॅमेरा असून, हे जमवणं सोपं नव्हतं. ते तळं, काठावरचं पांढरं चॅपल आणि मागचं रोटकोगल शिखर अशी काही शहाण्या मुलांसारखी ओळीत उभी असत, की डोळे मिटून बटण दाबलं तरी पोस्टकार्ड तयार व्हावं. तसं ते झालंही होतं. मुरंब्याच्या बरण्यांवर, पोस्टाच्या बसवर, बेकरीच्या पिशव्यांवर तेच तळं. दंतवैद्याने तर ते छताला चिकटवलं होतं, म्हणजे खुर्चीत मागे रेललं की तोंड उघडलेल्या माणसाला दुसरीकडे बघायची सोयच नाही. एंगलबेर्टचा नियम साधा होता. जिथे उभं राहून दुसऱ्या कुणी फोटो काढला असेल, तिथे आपला कॅमेरा पिशवीतून बाहेर येणार नाही.

पोटासाठी तो धुराडी साफ करायचा. खोऱ्यातली एकशे ऐंशी घरं, दोन खानावळी, शाळा आणि पाद्रीबाबांचं घर, वर्षातून चार वेळा. काळा कोट, काळी टोपी, खांद्यावर तारेच्या ब्रशचं वेटोळं. पण छपरावर चढलेल्या माणसाला डोंगर खालच्यांपेक्षा वेगळा दिसतो, आणि एंगलबेर्टला तो फारच वेगळा दिसायला लागला. त्र्याहत्तर साली एका जर्मन पाहुण्याकडून त्याने जुना कॅमेरा घेतला, तेव्हापासून ब्रशच्या वेटोळ्याबरोबर तोही छपरावर जाऊ लागला. खाली घरमालकीण थंड चुलीपाशी ताटकळत बसलेली असायची.

"एंगलबेर्ट, झालं का रे? पेटवू का चूल?"

"थांब जरा, ढग येतोय!"

"ढग येतोय तर येऊ दे ना! माझे बटाटे कच्चे आहेत इथे!"

खोऱ्यात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करत. पाद्रीबाबा आणि होफराट लाडुर्नर एवढे दोघे सोडून.

हे होफराट म्हणजे फोटो मंडळाचे परीक्षक. होफराट ही पदवी मोठ्या सरकारी नोकरीच्या शेवटी मिळते आणि पुढे मरेपर्यंत उतरत नाही. त्यांची उतरायची काही चिन्हंही नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी 'श्टाइनबॉक' खानावळीच्या मागच्या खोलीत मंडळ भरायचं, आणि वर्षातून एकदा स्पर्धा व्हायची. होफराटांचे नियम पाठ होते सगळ्यांना. क्षितिज कधीही मधोमध नको. दगड असतील तर तीन किंवा पाच, चार नकोत. वाट असेल तर ती कोपऱ्यातून आत यायला हवी. एंगलबेर्ट हे सगळं पाळायचा आणि वर स्वतःची भर घालायचा. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून तो डोळ्यासमोर धरायचा आणि डोंगरभर हिंडायचा. पोटावर झोपायचा, ओढ्यात उभा राहायचा, एकदा गाईच्या पोटाखालून बघताना लाथही खाल्ली होती. सगळ्या खटाटोपातून दरवर्षी त्याला उत्तेजनार्थ मिळायचं.

त्याची सगळ्यात मोठी झुंज झाली ती दोन शिखरं एका डबक्यात पकडण्याची. लांगटाउफ नावाच्या कड्यावर, जिथे मेंढ्याही जात नाहीत अशा एका फळीएवढ्या जागेवर, बर्फ वितळल्यावर जेमतेम दहा दिवस एक डबकं साठायचं. पहाटे, वारा पडलेला असताना, त्यात दोन्ही शिखरं उलटी उतरायची. एंगलबेर्टने त्या फोटोसाठी तीन उन्हाळे घालवले. पहिल्या वर्षी वारा, दुसऱ्या वर्षी धुकं, तिसऱ्या वर्षी मिळाला. फोटो पडद्यावर आला तेव्हा मंडळाच्या खोलीत बिअरचे पेले खाली ठेवल्याचे आवाज झाले.

होफराट बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उत्तम, प्रांटल. फारच उत्तम. गेल्याच वर्षी साल्झबुर्गच्या स्पर्धेत अगदी हुबेहूब असाच पाहिला होता. तिकडची शिखरं होती, पण डबकं हेच म्हणा ना."

उत्तेजनार्थ.

घरी आल्यावर त्याने बूट न काढताच ही हकीकत बायकोला सांगितली. बायकोचं नाव नोटबुर्गा. सगळे तिला बुर्गी म्हणत. बेकरीच्या गल्ल्यामागे उभी राहायची, त्यामुळे जिभेला रोजचा सराव होता.

"मग पुढच्या वेळी डबकं नको घेऊस," ती म्हणाली. "नुसती शिखरं घे."

"नुसती शिखरं सगळेच घेतात!"

"मग शिखरं नको घेऊस, नुसतं डबकं घे. आणि बूट काढ आधी."

एक गोष्ट मात्र एंगलबेर्ट कधीच घेत नसे, ती म्हणजे माणूस. माणूस चित्रात आला की बघणाऱ्याची नजर त्याच्याकडेच जाते आणि डोंगर बिचारा मागे ताटकळत राहतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या लग्नाचे फोटो मेहुण्याने काढले. मुलीच्या, आफ्राच्या बाप्तिस्म्याला तो कॅमेरा घेऊन गेला खरा, पण सगळी मंडळी पायऱ्यांवर उभी राहून हसत असताना तो समोरच्या उतारावरून सरकणाऱ्या ढगाच्या सावलीचा फोटो काढत होता. ती सावली खोलीत अजून लावलेली आहे. तिच्याकडे बोट दाखवून बुर्गी पाहुण्यांना सांगते, "हा आमच्या आफ्राचा बाप्तिस्मा."

एक्याऐंशी साली त्याच्याकडे मोजणीचं काम आलं. गिर्यारोहण संघ दरवर्षी सप्टेंबरात हिमनद्यांची मोजणी करतो. खडकावरच्या रंगाच्या खुणेपासून बर्फाच्या तोंडापर्यंत फीत लावायची, आकडा लिहायचा आणि ठरलेल्या जागेवरून एक फोटो काढायचा. पगार नाही, मान थोडासा. खोऱ्याच्या टोकाच्या ग्राउफेर्नर हिमनदीची मोजणी चोवीस वर्षं म्हातारा वनरक्षक कासियान करत होता. त्याचे गुडघे संपले, तेव्हा गावात ज्याच्याकडे कॅमेरा होता आणि ज्याचे गुडघे शाबूत होते असा माणूस एकच निघाला. शेवटच्या वेळी कासियान काठ्या टेकत त्याच्याबरोबर वर गेला आणि त्याने सहा नंबरचा दगड दाखवला.

"तू कलाकार आहेस म्हणतात गावात."

"तसं काही नाही," एंगलबेर्ट लाजून म्हणाला.

"नसलास तर बरंच आहे. दगडात ही तीन भोकं पाडलीत मी. ट्रायपॉडचे पाय यातच बसवायचे. लेन्स हीच. क्षितिज बरोबर मधोमध."

"मधोमध?" एंगलबेर्टला कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखं झालं. "मध्ये घेतलं तर चित्राचे दोन तुकडे होतात."

"होऊ देत. प्राध्यापकांना ते तुकडेच मोजायचे असतात."

"डावीकडे त्या खडकाचं टोक कापलं जातंय बघ. दोन पावलं सरकलं ना इकडे..."

"दोन पावलं सरकलास तर माझी चोवीस वर्षं मातीत गेली. कलाकारी कर ना, बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस आहेत की तुला."

एंगलबेर्टने पुठ्ठा काढून डोळ्यासमोर धरला, पुन्हा खिशात घातला. "पण तू निवडलास तरी का हा दगड? याच्याहून वाईट जागा अख्ख्या कड्यावर नसेल."

"वारा लागत नाही इथे," कासियान म्हणाला आणि त्या दगडाला पाठ टेकून त्याने चाकूने धुरवलेल्या मांसाचा, स्पेकचा, तुकडा कापला. "निवांत खाता येतं."

आणखी एक नियम होता. बर्फाच्या तोंडाशी दोन मीटरची लाल-पांढरी काठी उभी दिसली पाहिजे, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. कासियान ती दगडांत खोचून ठेवायचा. एंगलबेर्टने खोचली की ती पडायची. पाच वेळा पडली. त्या दिवशी बुर्गी सहलीसारखी बरोबर आली होती, पिवळा रेनकोट घालून. शेवटी तिनेच जाऊन काठी धरली.

"कुठे बघू?" ती ओरडली.

"कुठेही बघ, हलू नकोस!"

पहिला फोटो असा निघाला. आणि मग जे एकदा झालं ते नियमच झालं, कारण मोजणीत मागच्या वर्षी जे होतं तेच यंदा लागतं.

पुढची सत्तावीस वर्षं दर सप्टेंबरात एका रविवारी दोघं वर जात. पहिली तीन-चार वर्षं तर बर्फ पुढेच येत होता, बुर्गी फोटोत वर्षागणिक मोठी होत गेली. चौऱ्याऐंशीत ती पोटुशी होती आणि काठी पोटावर टेकवून उभी होती. पंच्याऐंशीत आफ्रा पाठीवर. त्यानंतर बर्फ मागे सरायला लागला आणि काठी घेऊन ती त्याच्या मागे मागे. एका वर्षी हात प्लास्टरमध्ये होता. एका वर्षी तिची आई नुकतीच गेली होती, तर डोक्यावर काळी हॅट. एका वर्षी तिने काठीच्या टोकाला टोपलीतला पावाच्या क्नोडलचा उकडलेला गोळा खोचून ठेवला होता, तो फोटो छापून येईपर्यंत एंगलबेर्टच्या लक्षात आला नाही. संघाच्या कार्यालयाकडून पत्र आलं : काठीधारी व्यक्तीने कृपया मापनास बाधा येईल असे खाद्यपदार्थ काठीस लावू नयेत. बुर्गीने ते पत्र बेकरीत लावलं. त्र्याण्णव साली बर्फ ऑगस्टातच पडला आणि मोजणी झालीच नाही.

एंगलबेर्ट या फोटोंना फोटो म्हणत नसे. 'मोजणीची कागदं' म्हणायचा. काढताना तो शक्यतो पटकन बटण दाबून मोकळा व्हायचा, कारण मधोमध आलेल्या क्षितिजाकडे जास्त वेळ बघवायचं नाही. तीन प्रती काढायचा. दोन निगेटिव्हसकट संघाला, तिसरी नीट आलीय का बघण्यापुरती, मग केराच्या टोपलीत. ती तिसरी प्रत बुर्गी टोपलीतून उचलायची आणि कोठीच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवायची. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही म्हणणंही नव्हतं. कोठीचं दार आतून कुणी बघत नाही.

पुढे पुढे बुर्गीला लांब जावं लागायला लागलं. आधी आरोळी पुरत होती, मग शिट्टी, मग आफ्राने दोघांना वॉकीटॉकी आणून दिले. फोटोत तिचा अंगठ्याएवढा आकार झाला, मग नखाएवढा, मग काळा ठिपका. दोन हजार आठ साली बर्फाचं तोंड खडकाच्या उंचवट्यामागे गेलं.

"पोचलीस का?"

"पोचले. दिसतेय का मी?"

"नाही."

"मग दाब लवकर. थंडी वाजतेय."

त्याने दाबलं. संघाने त्या हिवाळ्यात कळवलं की सहा क्रमांकाचा बिंदू आता निरुपयोगी झाला असून तो यादीतून काढून टाकण्यात येत आहे, आपल्या सेवेबद्दल आभार. एंगलबेर्टला मनातून हायसं वाटलं.

तोवर धुराड्यांमधूनही तो निवृत्त झाला होता, आणि आता त्याने आयुष्याचं खरं काम हाती घेतलं. अडतीस वर्षांतल्या हजारो फोटोंमधून चाळीस निवडले, आपल्या हाताने चौकटी केल्या, आणि अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. 'न पाहिलेले डोंगर.' एकाही फोटोत माणूस नाही, घर नाही, तळं तर नाहीच. इन्सब्रुकच्या एका मोठ्या कलादालनाला त्याने स्वच्छ अक्षरात तीन पत्रं लिहिली, आणि तिसऱ्या पत्राने खरोखरच काम केलं. दालनाच्या फोटो विभागाच्या प्रमुख डॉक्टर सिडोनी लाख्नर पोस्टाच्या बसने आल्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, पायात डोंगरावर न चालणारे बूट.

त्यांनी चाळीसही फोटो बघितले. एकेकापाशी थांबून, हात मागे बांधून. एंगलबेर्ट काळ्या कोटात दोन पावलं मागे होता.

"फार देखणे आहेत, हेर प्रांटल," शेवटी त्या म्हणाल्या. 'हेर' म्हणजे श्रीयुत; गावात त्याला असं कुणी म्हणत नसे.

तो थांबून राहिला.

"खरंच. फार देखणे."

अडतीस वर्षं होफराटांच्या हाताखाली काढलेल्या माणसाला दुसऱ्यांदा म्हटलेल्या 'देखणे'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परतीच्या बसला दोन तास होते. बुर्गीने पाहुणीला जेवायला घरी नेलं. एंगलबेर्ट मागून आला आणि सूपच्या वाडग्यात बघत बसला.

"हात धुवायचे होते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"डावीकडचं दार," बुर्गी चुलीपासून म्हणाली.

बाईंनी उजवीकडचं उघडलं. मग बराच वेळ कुठूनच पाण्याचा आवाज आला नाही. बुर्गीने डोकावून बघितलं तर बाई कोठीच्या उघड्या दारासमोर उभ्या, नाक जवळजवळ दाराला लागलेलं. सत्तावीस फोटो, पोस्टकार्डाएवढे, चार ओळींत, मध्ये त्र्याण्णव सालची एक रिकामी चौकट.

"हे कुणी काढले?"

"त्यानेच," बुर्गी म्हणाली. "चुकीचं दार उघडलंत तुम्ही. तिथे लोणची असतात."

"या सगळ्यांत ही बाई म्हणजे..."

"मीच ती. ही बघा, इथे आफ्रा पोटात होती. इथे दाढ दुखत होती माझी, म्हणून तोंड असं. ही माझी आई गेली ते वर्ष." तिने ओल्या बोटाने एकेक फोटो दाखवला. "आणि हा क्नोडल."

एंगलबेर्ट चमचा टाकून उठला. "अहो बाई, ते बघू नका. ती मोजणीची कागदं आहेत!"

"हेर प्रांटल, हे तुम्ही मला दाखवलं का नाहीत?"

"दाखवण्यासारखं काय आहे त्यात? क्षितिज मधोमध आहे! डावीकडचा खडक अर्धा कापलाय, वर आकाश रिकामं, आणि रचना म्हणाल तर... रचनाच नाही!"

"अगदी बरोबर!" बाईंचे डोळे चमकायला लागले होते. "तुम्ही रचना सोडून दिलीत. सत्तावीस वर्षं."

"सोडली नाही हो! मला करूच दिली नाही!"

बुर्गी तोंडाला ॲप्रन लावून हसत होती. बाईंची बस चुकली. त्यांनी कोठीत स्टूल ठेवून घेतलं आणि संध्याकाळच्या बसपर्यंत तिथेच बसल्या, लोणच्यांच्या बरण्यांमध्ये.

त्यानंतर घरात आठ दिवस जे झालं त्याला भांडण म्हणावं की नाही हे बुर्गीला अजून ठरवता आलेलं नाही. एंगलबेर्टचं म्हणणं होतं की ते फोटो दालनात लागले तर लोकांना वाटेल प्रांटलला फोटो काढताच येत नाहीत.

"चाळीस चांगले टांगले होते ना समोर! ते सोडून दारामागचे!"

"तुला नको तर नको. माझे आहेत, मी देते," बुर्गी म्हणाली.

"तुझे कसे? कॅमेरा माझा."

"टोपलीत टाकले होतेस. टोपलीतून मी काढले. आणि वारा कुणी खाल्ला? मी. तू आपला दगडाच्या आडोशाला बसलेला."

"उभा होतो मी!"

"उभा कुठे? कशाला खोटं बोलतोस? बसून स्पेक खात होतास. मला दिसत होतं तिकडून."

शेवटी संघाच्या कार्यालयातून मूळ निगेटिव्ह निघाली आणि प्रश्न मिटला. पुढच्या मे महिन्यात इन्सब्रुकच्या दालनात एका लांब पांढऱ्या भिंतीवर सत्तावीस फोटो लागले, प्रत्येक दाराएवढा. नाव ठेवलं होतं 'नोटबुर्गा'. एंगलबेर्टने फोनवरून हरकत घेतली होती की त्याचं अधिकृत नाव 'ग्राउफेर्नर, बिंदू सहा' असं आहे. त्याच्या हरकतीची कंसात नोंद झाली.

उद्घाटनाला गावातून एक बस भरून माणसं आली. एंगलबेर्टला बोलायला सांगितलं. त्याने लग्नातला कोट घातला होता, आणि मनाशी ठरवलं होतं की इथे तरी खरं काय ते सांगून टाकायचं.

"ही जागा मी निवडलेली नाही," तो म्हणाला. "ती वनरक्षक कासियानने निवडली. वारा लागत नाही आणि निवांत खाता येतं म्हणून."

लोक हसले. टाळ्या पडल्या.

"माझ्या मते जागा चुकीची आहे. दोन पावलं डावीकडे हवी होती. मी तेव्हाच सांगितलं होतं."

आणखी मोठा हशा. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने शेजारणीच्या कानात काहीतरी म्हटलं आणि तिने कौतुकाने मान हलवली.

"क्षितिज मध्ये घेऊ नये," एंगलबेर्ट आता घामाघूम झाला होता, "हे लहान पोराला कळतं. मला वर्षातून एक दिवस हे करावं लागलं. बाकीचे दिवस मी डोंगराचे चांगले फोटो काढले. ते सध्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आहेत. येऊन बघा."

टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आलं, की प्रांटल यांची विनोदबुद्धी त्यांच्या कलेइतकीच कोरडी आणि निर्दय असून, आपल्या अहंकाराचा इतका संपूर्ण त्याग केलेला दुसरा छायाचित्रकार आल्प्समध्ये नाही. त्याने ते न्याहारीच्या वेळी दोनदा वाचलं. "कधी केला मी त्याग?" त्याने बुर्गीला विचारलं. ती पावाला लोणी लावत होती. "मला काय विचारतोस? मी लांब उभी होते," ती म्हणाली.

होफराट लाडुर्नरही त्या दिवशी आले होते. वय एक्क्याण्णव, चाकाच्या खुर्चीत. खुर्ची ढकलत नेऊन सगळी भिंत दाखवल्यावर त्यांनी एंगलबेर्टला जवळ बोलावलं.

"क्षितिज मधोमध आहे, प्रांटल."

"होय, होफराट."

"इथे ते शोभतं," होफराट म्हणाले, आणि खुर्ची ढकलणाऱ्या सुनेला दाराकडे खूण केली.

गर्दी पेयांच्या टेबलांकडे वळल्यावर एंगलबेर्टने पहिल्यांदा ती भिंत स्वतः बघितली. इतकी वर्षं ते फोटो त्याने एकेक बघितले होते, आणि तेही फक्त फोकस नीट आहे ना एवढ्यापुरते. पहिल्यापासून तो चालत निघाला. पिवळा रेनकोट. पोट. आफ्रा. दाढ. एक्क्याण्णवच्या फोटोपाशी तो थांबला. त्यात बुर्गी पाठमोरी होती. त्याला आठवत होतं, त्या वर्षी ते सबंध वाट न बोलता चढले होते, आणि त्याला वाटलं होतं की ती मुद्दाम त्याचं माप बिघडवतेय. मग पुढे ती लहान होत गेली. तो प्रत्येक फोटोच्या जास्त जास्त जवळ जाऊन तिला शोधायला लागला, इतका जवळ की राखणदार खाकरला. शेवटचा फोटो नुसता दगडगोट्यांचा होता.

बुर्गी हातात पेला घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"यात तू नाहीस," तो म्हणाला.

"आहे की. खडकाच्या मागे."

"कुठे?"

तिने बोट ठेवलं. राखणदार पुन्हा खाकरला. "इथे. हात हलवत होते मी. तू म्हणालास दिसत नाहीस, तरी हलवला."

एंगलबेर्ट त्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने मागच्या फोटोंकडे मान वळवली. "आणि ते एक्क्याण्णव? पाठ का केली होतीस?"

"पाठ कुठे केली? माझ्या पायाशी बर्फाचा केवढा तरी कडा कोसळला होता. पाणी निळं झालं होतं सगळं. मी तिकडे बघत होते. तुला ओरडून सांगितलं, बघ, बघ. तू म्हणालास, हलू नकोस."

तिच्या हातातला पेला घेऊन त्याने एक घोट घेतला आणि परत दिला. दोन विद्यार्थिनी येऊन बुर्गीला ओळखून थबकल्या, आणि एकीने धीर करून विचारलं, त्या क्नोडलमागची भूमिका काय होती. "भूक," बुर्गी म्हणाली.

पुढच्या वर्षभरात ती भिंत ग्रात्सला गेली, मग आणखी दोन शहरांत. सगळीकडून आमंत्रणं यायची ती बुर्गीला. लोकांना काठी धरणाऱ्या बाईला बघायचं असायचं. ती नवी हॅट घेऊन आगगाडीने जायची, तासभर बोलायची, आणि बेकरीतल्यासारखीच बोलायची, त्यामुळे सभागृहं भरायची. एंगलबेर्ट एकदाच बरोबर गेला. तिथे त्याला कुणीतरी विचारलं की आपणही प्रकल्पात होता का, तेव्हापासून तो घरीच थांबायला लागला.

फोटो काढणं त्याने सोडलं नाही. आता गुडघे कुरकुरायचे, तरी तो निघायचा. एकदा बुर्गी गल्ल्यामागे वाकून पाव मोजत असताना तो बेकरीच्या खिडकीबाहेर बराच वेळ उभा असलेला लोकांनी पाहिला. कॅमेरा गळ्यातच होता. काढला की नाही ते कुणी पाहिलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात अग्निशमन दलाचा कप्तान त्याच्या घरी आला. चाळीस फोटो हॉलमध्ये अजून तसेच होते, आणि एंगलबेर्टला वाटलं आता उतरवून न्या म्हणणार.

"ते काढू नकोस रे," कप्तान टोपी चुरगळत म्हणाला. "राहू देत कायमचे. मागच्या भिंतीला ओल आलीय. फोटो आहेत तोवर दिसत नाही. उलट खिडकीकडे अजून चार-पाच मिळाले तर बघ ना. तिकडे डाग मोठा आहे."

बुर्गी तेव्हा ग्रात्सला होती. रात्रीच्या जेवणाआधी तिने नेहमीसारखा फोन केला, तर घरी कुणी उचलेना. शेवटी तिने अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये लावला. कप्तानाने रिसीव्हर लांब धरला आणि ओरडला, "एंगलबेर्ट, बायको!"

"सांग तिला, शिडीवर आहे!" लांबून आवाज आला. "सहा फोटो आहेत, पण पाचच बसतात इथे. आणि डाग मधोमध आलाय. उद्या करतो फोन!"

कप्तानाने सगळा निरोप जसाच्या तसा दिला.

"अजून किती वेळ लागेल त्याला?" बुर्गीने विचारलं.

"काय माहीत. सकाळपासून लावतोय आणि काढतोय."

"मग त्याला काहीतरी खायला दे," बुर्गी म्हणाली, "आणि शिडी धरून उभा राहा."